टाळ्यांच्या आधी हिशोब: गुणगौरव समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
तालुका गुणगौरव व सत्कार समिती

सप्रेम नमस्कार.

तुमची निमंत्रणपत्रिका व्हॉट्सॲपवर मिळाली. पत्रिका अजून कच्ची आहे, पण माझा फोटो लागलाय आणि फोटोखाली 'कोयत्यापासून खुर्चीपर्यंत' असं आलंय. भाषणाचा विषयही तुम्हीच ठरवलाय : 'नशीब नव्हे, कष्टच!' उद्गारचिन्हासकट. सोबत अध्यक्षांचा आवाजी निरोप होता, "साहेब, मागच्यासारखंच होऊ द्या. ते कोयत्याचं जरा रंगवून सांगा, पोरं रडली पाहिजेत."

हे पत्र त्या निरोपाचं उत्तर आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही 'बरं बरं, बघू' म्हणून पत्रिका छापायला टाकली असती. शिवाय हा एकट्या आपल्या तालुक्याचा मामला नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मंगल कार्यालयं बुक होतात, फेटे येतात, शाली येतात, आणि माझ्यासारखा कुणीतरी उभा राहून तेच भाषण करतो. म्हणून उघडच लिहितोय. नोकरीत असल्यामुळे खाली नाव घालत नाही. तुम्हाला ओळखायला अडचण पडू नये, पडलीच तर पत्रिकेतला फोटो बघा.

आधी माझ्या भाषणाबद्दल. मी सांगतो की घरी चार एकर कोरडवाहू, आई-वडील दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला, मी पुण्यात कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जणांत, रोज चौदा तास अभ्यास, आणि पाचव्या प्रयत्नात विक्रीकर निरीक्षक. यातलं एकही वाक्य खोटं नाही. चौदा तास थोडे फुगवलेत. दहा धरा, आणि त्यातला एक चहाच्या टपरीवर. बाकी सगळं खरं. पण खरं सांगतानासुद्धा माणूस बरंच गाळतो. सहा वर्षं मी जे गाळत आलो ते आज लिहितो.

पहिलं गाळलेलं नाव दादाचं.

तुमच्यातल्या दोघा-तिघांना कोयता म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाकीच्यांनी ऐका. फडात कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या जोडीवर, आणि ती फेडायची म्हणजे जोडी अख्खा हंगाम उभी पाहिजे. मी बारावीत असताना अण्णांची कंबर गेली. उचल तर घेतलेली. मग दादाने कॉलेज सोडलं आणि कोयता पुरा व्हावा म्हणून त्याचं लग्न घाईघाईने लावलं. वहिनी कायद्याच्या वयात जेमतेम बसत होत्या. हळद उतरली नव्हती तेव्हा दोघं कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका कारखान्यावर निघून गेले. मी टेम्पोच्या मागे उभा राहून हात हलवला. मला आठवतं ते एवढंच की वहिनींच्या हातातला चुडा नवा होता आणि त्याच हाताने त्यांनी ताडपत्रीचा दोर धरला होता.

दादा माझ्यापेक्षा गणितात हुशार होता. हे मी मोठेपणा द्यायला म्हणत नाही. आमच्या दोघांचे गणिताचे गुरुजी एकच होते, ते आजही मला भेटले की आधी त्याची चौकशी करतात. मी त्याच्याहून दीड वर्षाने धाकटा. अण्णांची कंबर दोन वर्षं उशिरा गेली असती किंवा मी त्याच्या आधी जन्मलो असतो, तर फडात मी असतो आणि तुमच्या पत्रिकेवर त्याचा फोटो असता.

पुण्यात मला महिन्याला साडेतीन हजार लागायचे. कॉटचे पंधराशे, मेसचे दोन हजार. चहा, झेरॉक्स, टेस्ट सिरीज निराळी. तेव्हा तोडणीचे टनामागे दोनशेच्या आसपास पडायचे. साडेतीन हजार भागिले दोनशे, साडेसतरा टन. पहाटे चारला उठून, थंडीत, पाचट अंगाला टोचत, दोघं मिळून दिवसाला पावणेदोन-दोन टन तोडत. म्हणजे मी पुण्यात एक महिना पुस्तकावर बसलो की त्यामागे त्या दोघांचे नऊ-दहा दिवस गेलेले असत. हा हिशोब मी तेव्हा केला नाही. गेल्या दिवाळीत केला, तोही धाकट्या भाचीला टक्केवारी शिकवताना सहज.

भाषणात मी मोठ्या आवाजात म्हणतो, "मी ठरवलं की दुसरी कुठली नोकरी धरायची नाही, फक्त अभ्यास." ठरवलं मीच. पण त्या ठरवण्याची उचल दादाच्या नावावर होती. मागच्या वर्षी तो कार्यक्रमाला आला होता, तुम्हाला माहीतही नसेल. शेवटून दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. तुमच्या सूत्रसंचालकाने व्यासपीठावर बोलावलेल्या नावांत एका ठेकेदाराचं नाव होतं, मंडपवाल्याचं होतं. दादाचं नव्हतं. चूक तुमची नाही. मी भाषणातच त्याला आणला नाही, तर तुम्हाला तो दिसणार कुठून?

दुसरी गोष्ट त्या पाचव्या प्रयत्नाची. तीही मी कधी सांगितली नाही, कारण ती ऐकून कुणी रडणार नाही. उलट हसतील.

पूर्व परीक्षेला शंभर प्रश्न. चुकलेल्या उत्तराला गुण वजा. चार पर्यायांतले दोन मी उडवले होते, उरलेल्या दोघांत अडलो. वेळ संपत आलेली. बाजूच्या बाकावरचा पोरगा पेनाचं टोपण लावत होता. मी अंदाजपंचे दाहोदरसे एक गोळा काळा केला. तो बरोबर निघाला. कटऑफ लागला तेव्हा माझे गुण आणि कटऑफ एकच होते. मी काठावर उभा होतो, आणि काठ त्या एका गोळ्याचा होता.

माझा रूममेट त्याच परीक्षेला बसला होता. अर्थशास्त्र मला त्याने शिकवलं. चलनवाढ आणि चलनसंकोच यांतला फरक मला कळेना तेव्हा त्याने मेसच्या टेबलावर चपात्या मांडून समजावलं होतं. तोही त्याच प्रश्नाला अडला. पण स्वभावाने जपून चालणारा. निगेटिव्हच्या भीतीने त्याने तो कोरा सोडला. एका गुणाने गेला. त्या रात्री खोलीत आम्ही दोघांनी उत्तरतालिका पुन्हा पुन्हा पाहिली, मग त्याने लाइट बंद केला आणि म्हणाला, "झोप. तुला आता मेन्सची तयारी करायचीय."

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, धोका पत्करायची हिंमत तुझ्यात होती, त्याच्यात नव्हती. हाही गुणच की. तसं भाषणात ठोकून देता येईल, टाळ्याही पडतील. पण मीच आदल्या वर्षी असे चार गोळे अंदाजाने काळे केले होते आणि चारही चुकले होते. तेव्हा हिंमत कुठे गेली होती?

एक गैरसमज इथेच मोडतो. कष्ट फुकट असतात, सगळा नशिबाचा खेळ, असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे 'नशिबातच नव्हतं' म्हणून पारावर बसणाऱ्यांची काही कमी नाही, त्यांना माझ्या पत्राचा आधार द्यायची इच्छा नाही. दहा तास बसलो नसतो तर त्या दोन पर्यायांपर्यंतही पोचलो नसतो. कष्टाने माणूस काठापर्यंत येतो. काठावर मात्र फार गर्दी आहे, आणि तिथून पुढे कोण जाईल ते नुसत्या कष्टावर ठरत नाही.

गर्दी किती ते आकड्यातच बघा. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. धरून चाला की त्या दहाही लाख पोरांनी तुमचं-माझं भाषण ऐकलं आणि रोज चौदा तास अभ्यास केला. मग काय होईल? जागा साडेचार हजारच राहतील. कटऑफ तेवढा वर सरकेल. बाहेर राहणारे तितकेच बाहेर राहतील, फक्त आणखी थकून. त्या सगळ्यांना आपण व्यासपीठावरून सांगणार का, की तुमच्या कष्टात खोट होती?

त्याच परीक्षेत आणखी एक गंमत झाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती ५७ सत्रांत घेतली. कुणाला सोपी शिफ्ट आली, कुणाला अवघड. तो फरक काढायला नॉर्मलायझेशन केलं, आणि निकालात २०० पैकी २१४ गुण दिसले. लोक चिडले, मोर्चे निघाले. मी सूत्राच्या बाजूने किंवा विरोधात बोलत नाही. मला त्यात दिसलं ते एवढंच, की आपल्याला कोणती शिफ्ट येते याने फरक पडतो हे खुद्द यंत्रणेने मान्य करून त्यासाठी सूत्र ठेवलंय. मान्य नाही ते फक्त आपल्या सत्कार समारंभांना.

आणि शेतकऱ्याच्या बाबतीत आपण हे किती सहज मान्य करतो! अण्णांनी एका वर्षी मृगात सोयाबीन पेरलं. दोनच दिवस उशीर झालेल्या शेजाऱ्याच्या पेरणीवर सर आली आणि आमच्या ओळी करपल्या. दुबार पेरणी करावी लागली. गावात एकानेही म्हटलं नाही की अण्णांचे कष्ट कमी पडले. पीक विम्यातसुद्धा २०२४ पर्यंत पावसाचा खंड २१ दिवसांच्या पुढे गेला की आगाऊ भरपाईची भाषा सुरू व्हायची. मिळायची किती नि कधी, हा वेगळा रडगाण्याचा विषय. पण आभाळाला कागदावर एक रकाना होता. त्याच शेतकऱ्याचा पोरगा परीक्षेत गेला की मात्र आपण म्हणतो, मोबाइल बघत बसला असेल.

थोरल्या भाचीचं उदाहरण तर ताजं आहे. ती लातूरला शिकायला होती, २०२४ ची नीट दिली. ताईने लातूरची फी भरता भरता पुस्तकांवर हात आखडता घेतला. एनसीईआरटीची पुस्तकं गल्लीतल्या एका मुलीची जुनी मिळाली, ती घेतली. भाचीने ती पाठ केली म्हणावीत इतकी वाचली. त्या परीक्षेत भौतिकशास्त्राचा एक प्रश्न होता, अणूंच्या स्थिरतेवरचा. जुन्या आवृत्तीत 'प्रत्येक' मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं होतं, नव्या आवृत्तीत 'बहुतेक' मूलद्रव्यांचे. एका शब्दाचा फरक. आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं गेलं, आणि जुलैत एकच उत्तर बरोबर ठरलं. जुनं पुस्तक वाचलेल्यांचे चार गुण गेले, वर निगेटिव्हचा एक, मिळून पाच. देशभरात चार लाखांवर मुलांचे गुण असे कमी झाले. जूनमध्ये ७२० पैकी ७२० मिळवलेले ६७ जण होते, सुधारित निकालात १७ उरले.

उत्तर बरोबरच ठरवलं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. किरणोत्सारी मूलद्रव्यं असतातच. पण भाची आईला म्हणाली, "मी जास्त वाचलं म्हणून चुकलं." ताईने ते जुनं पुस्तक कपाटात वर ठेवून दिलंय, रद्दीत टाकत नाही. दुकानातून नवं घेतलं असतं तर पाच गुण वाचले असते हे तिला आता कुणी सांगायची गरज नाही. या पोरीला मी कुठल्या तोंडाने सांगू, 'नशीब नव्हे, कष्टच', उद्गारचिन्ह?

नियम बदलला की नशीबही बदलतं, हे तर लातूर-नांदेडच्या पालकांना पाठ आहे. वैद्यकीय प्रवेशाचा ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यातल्या बाकीच्यांना) सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. त्याच्या आधीच्या वर्षी बारावी झालेला पोरगा आणि नंतर झालेली त्याची बहीण, दोघांचा अभ्यास सारखा, घर एक, पण दोघांना दारं वेगळी. राज्यसेवेचंही तसंच. २०२० ची पूर्व परीक्षा ५ एप्रिलला होती, ती पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. करोना होता, कुणाचा इलाज नव्हता. पण ज्याच्या घरात एक जास्तीचं वर्ष पोसायची ताकद होती तो टिकला. बाकीच्यांनी कंपनी धरली, कुणी शेती धरली. टिकलेल्यांपैकी एक जण तुमच्याच व्यासपीठावर जिद्दीबद्दल बोलून गेला. चांगला बोलला, मुद्दाम लबाडी केली असंही नाही. त्याला त्याचे वडील दिसले नाहीत, जसा मला दादा दिसला नव्हता.

तुमच्या फ्लेक्सवर दरवर्षी आपल्या अविनाश साबळेचा फोटो असतो, असायलाच पाहिजे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातला पोरगा; त्याचं नाव काढलं की बीडच्या माणसाची छाती फुगते. पण त्याची गोष्ट नीट सांगा ना. तो सैन्यात गेला, तिथे क्रॉस कंट्री धावू लागला, आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळला. कष्ट त्याचे, वळायचा निर्णयही त्याचा, पण 'तू हे पळ' म्हणणारा माणूस वेळेवर भेटला हेही खरं. बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. केनियाच्या सुवर्णविजेत्याची वेळ होती ८ मिनिटं ११.१५. पाच शतांश सेकंद. तेवढ्यात डोळ्याची पापणीसुद्धा पुरी लवत नाही. आता कुणी सांगावं की अविनाशने पाच शतांश सेकंदाएवढे कष्ट कमी केले!

जाता जाता त्या फ्लेक्सवरच्या ओळीबद्दल. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' अंबाजोगाईला, आद्यकवी मुकुंदराजांच्या गावात, शिकल्याचा मला एवढा तरी फायदा झाला की आमच्या मराठीच्या सरांनी हा श्लोक पुरा करून घेतला होता. मूळ भर्तृहरीच्या नीतिशतकातला, मराठीत वामन पंडितांनी आणलेला. त्यात पुढे म्हटलंय की मृगजळ पिऊन तहानही भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाची समजूत काही घालता येणार नाही. म्हणजे वाळूचं तेल हे कवीने न होणाऱ्या गोष्टीचं उदाहरण म्हणून दिलंय! आपण त्यातली पहिलीच ओळ उचलली आणि पोरांना वाळू रगडायला बसवलं.

आता खरं कारण सांगतो. हे सगळं मला आधीही माहीत होतं, तरी मी सहा वर्षं येत होतो. फेटा कुणाला नको असतो?

मागच्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर मी चपला शोधत होतो. पन्नाशीची एक बाई आली. हातात कापडी पिशवी, पिशवीतून तुमच्या अल्पोपहाराचा पुडा डोकावत होता. मागे तिचा मुलगा, तिशीला टेकलेला. म्हणाली, "साहेब, ह्याला जरा सांगा. आठ वर्षं झाले अभ्यासच करायलाय. दरवर्षी थोडक्यात जायलंय म्हणतो. अजून जरा जोर लाव म्हणून सांगा, तुमचं ऐकंल."

पोरगा माझ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या चपलेचा तुटका अंगठा जमिनीवर दाबत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटोत ठेवतात तसा, आणि म्हणालो, "सोडायचं नाही. लाव जोर." ती माउली माझ्याहून वयाने मोठी, माझ्या पाया पडायला वाकली. मी गाडीत बसलो. शालीचा वास येत होता, नव्या कापडाचा.

या फेब्रुवारीत मी त्या जुन्या रूममेटच्या दुकानात बसलो होतो. तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथे तोच पोरगा आला. मला बघून चेहरा उजळला. "सर, तुम्ही म्हणलात म्हणून परत फॉर्म भरायलोय. पुण्याला जायलोय पुढच्या आठवड्यात. माय म्हशीचं बघायली." म्हशीचं बघायली म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. म्हैस विकायला काढली होती.

मित्राने मुकाट्याने फॉर्म भरला, प्रिंट काढली, पैसे घेतले नाहीत. पोरगा गेल्यावर मला म्हणाला, "तू ह्याला काय विचारलं होतंस?"

"काही नाही."

"मग सांगितलंस कशावरून?"

दुकानात प्रिंटर चालू होता, त्यामुळे मला लगेच उत्तर द्यावं लागलं नाही.

मग त्याने मला तो स्वतः काय विचारतो ते सांगितलं. सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढचा कुणी फॉर्म भरायला आला की तो आधी मागच्या तीन वर्षांचे गुण आणि कटऑफ विचारतो. फरक कमी होत चाललाय की तेवढाच आहे ते बघतो. पैसे कोण पाठवतं ते विचारतो, आणि त्या माणसाचं वय काय तेही. शेवटचा प्रयत्न झाल्यावर पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तू काय करणार, हेही विचारतो. बहुतेकांना या शेवटच्यावर बोलता येत नाही. त्यांना तो चहा पाजतो. तो कुणाला 'सोड' म्हणत नाही. पण वर्षाला चार-दोन जण तरी त्याच्या दुकानातून फॉर्म न भरता बाहेर पडतात. त्याचं त्यात नुकसान आहे, प्रत्येक फॉर्ममागे त्याला पैसे मिळतात.

तो स्वतः कधी थांबला ते मी तुम्हाला सांगतो, तो सांगणार नाही. पुण्याला जातानाच त्याने वडिलांना तारीख दिली होती, अठ्ठाविसाव्या वाढदिवसापर्यंत. एका गुणाने गेला तेव्हा अठ्ठावीसला चार महिने उरले होते. सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं, की इतक्या जवळ आलायस, एकदा अजून दे. त्याने गादी गुंडाळली. त्या दिवशी मला वाटलं, घाबरला. आता वाटतं की आमच्या त्या खोलीत सहा जणांनी मिळून जेवढे निर्णय घेतले त्यांत तो सगळ्यांत अवघड होता. माझ्या हातून झालेला धड निर्णय म्हणजे राज्यसेवेचा नाद सोडून एकाच परीक्षेवर बसणं आणि नवी पुस्तकं घेणं बंद करणं. बाकीचं मला मिळालं.

तर समितीला माझी विनंती अशी आहे.

विषय बदला. नवा मी देतो : 'मला काय काय मिळालं.' जो कुणी बोलेल त्याने आधी सांगावं की त्याला पैसे कोणी पुरवले, किती वर्षं पुरवले, मधल्या काळात घरातलं कुणाचं शिक्षण किंवा लग्न थांबलं, आणि कुठे केवळ थोडक्यात वाचला. मग खुशाल तासांचा हिशोब द्यावा. व्यासपीठावर दर वर्षी एक तरी माणूस असा बसवा ज्याने मनापासून प्रयत्न केला, नाही झालं, आणि आज दुसरं काहीतरी नीट करतोय. त्याला शाल द्या, माझ्याएवढीच. 'अपयशातून शिकलेला' वगैरे शीर्षक त्याला चिकटवू नका. दुकानाचं नाव लिहा, पुरे. मुलांच्या हातात माइक द्या. आणि आयांना 'तुमच्या पोराने जोर लावला की झालंच' असं सांगणं बंद करा. म्हैस त्यांची जाते, आपलं काही जात नाही.

त्या पोराला मी फोन केला होता. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मी तुला काही न विचारता बोललो, ती माझी चूक झाली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही असं म्हणता हे मायला सांगू नका." पुढच्या रविवारी मी, मित्र आणि तो असे तिघं दुकानात बसणार आहोत, त्याच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन. फरक कमी होत असेल तर मी त्याला मेसचे पैसे देईन, म्हैस राहू दे. नसेल तर काय बोलायचं ते अजून मला माहीत नाही. मित्राला माहीत असेल.

माझ्या येण्याबद्दल : माझा विषय बदलणार असाल, दादाला आणि वहिनींना पहिल्या रांगेत बसवणार असाल, आणि मित्राला बोलायला पंधरा मिनिटं देणार असाल, तर मी येतो. त्याला मी अजून विचारलेलं नाही, नाही म्हणण्याची शक्यता जास्त आहे. जमणार नसेल तर माझा फोटो काढून टाका. फक्त फ्लेक्स छापायला जायच्या आधी कळवा, नाहीतर छपाईवाल्याचं उगाच नुकसान.

आपला नम्र,
राज्यकर निरीक्षक
(तुमच्या पत्रिकेत अजून 'विक्रीकर' आहे, तेही दुरुस्त करा)

ता. क. फेटेवाल्याला एक फेटा जास्त सांगू नका. माझाच दादाला बांधा. माझ्या डोक्यावर तो दर वर्षी सैल होतो आणि भाषणभर मला एका हाताने धरून ठेवावा लागतो.